सिरॅमिक बेझलवरचे आकडे पुसट झाले की काय? झीज आणि सफाईबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी काही घड्याळजी नाही, पण नाद जुना आहे, आणि ओळखीतल्या कुणी भारीतलं घड्याळ घेतलं की वर्ष-दीड वर्षाने मला त्याच्या बेझलचा, म्हणजे काचेभोवतीच्या कड्याचा, फोटो येतो, "अरे हे बघ, आकडे उडायला लागले." दहातल्या आठ वेळा ते उडालेले नसतात, मळलेले असतात. उरलेल्या दोन वेळा ते खरंच उडालेले असतात आणि बऱ्याचदा मालकानेच घासून घासून उडवलेले असतात. तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

सिरॅमिकला ओरखडा पडत नाही म्हणतात, मग आकडे पुसट कसे होतात?

कारण आकडे सिरॅमिकचे नसतात. बेझलवर बसवलेली काळी किंवा निळी चकती (तिलाच इन्सर्ट म्हणतात) सिरॅमिकची, म्हणजे बहुतेक वेळा झिर्कोनियम ऑक्साइडची, आणि ती स्टीलपेक्षा कितीतरी कठीण. स्टीलचा कडकपणा विकर्स मापात दोनशेच्या आसपास येतो आणि या सिरॅमिकचा बाराशेच्या घरात, त्यामुळे किल्ल्या, नाणी, दाराची कडी यांनी तिचं काही होत नाही. पण त्या चकतीत खोदलेल्या खाचांमध्ये जे भरलंय ते वेगळंच असतं, कुठे धातू, कुठे इनॅमल, कुठे रेडियम, कुठे चक्क रंग. झीज होते ती त्याची. म्हणून सफाईचा विचार करायच्या आधी आपल्या घड्याळात काय भरलंय ते समजून घ्या, बाकी सगळं त्यावरच ठरतं.

मग माझ्या घड्याळात काय भरलंय ते कसं कळणार?

मॉडेलवरून कळतं. नेहमी दिसणारे प्रकार सांगतो.

रोलेक्सने २००५ साली सोन्याच्या जीएमटी-मास्टर टू वर पहिल्यांदा सिरॅमिक इन्सर्ट आणलं, नाव ठेवलं सेराक्रोम, मग २००७ मध्ये स्टीलच्या जीएमटीला, २०१० मध्ये स्टीलच्या सबमरिनरला आणि २०१६ मध्ये स्टीलच्या डेटोनाला ते मिळालं. यात आकडे आधीच साच्यात खोलगट येतात, मग ती चकती दीड हजार अंशांच्या वर तापवून भाजतात, त्यात ती जवळजवळ पाव हिश्शाने आकसते (पापड भाजल्यावर आकसतो तसं समजा, फक्त इथे माप मायक्रॉनमध्ये जमवायचं असतं), मग हिऱ्याच्या हत्याराने बाकीचं काम, आणि शेवटी निर्वात पेटीत अख्ख्या चकतीवर प्लॅटिनमचा किंवा सोन्याचा बारीक थर चढवतात, याला पीव्हीडी म्हणतात. त्यानंतर चकती पॉलिश करतात. वरच्या सपाट भागावरचा धातू निघून जातो आणि खाचेत बसलेला तेवढा राहतो. म्हणजे आकडा अख्खा प्लॅटिनमचा ओतलेला नसतो, खाचेच्या तळाला आणि भिंतींना प्लॅटिनमचा जेमतेम मायक्रॉनच्या हिशोबातला मुलामा असतो. आपल्या आज्जीच्या मुलाम्याच्या बांगड्या आठवा. फरक एवढाच की बांगडीचा मुलामा उघडा असतो आणि हा खड्ड्यात बसलेला, त्यामुळे रोजच्या वापरात त्याला काही घासतच नाही.

ओमेगाचं वेगळं. २००९ च्या प्लॅनेट ओशनमध्ये त्यांनी लिक्विडमेटल आणलं, हा झिर्कोनियमचाच मिश्रधातू, तो तापवून दाबून खाचेत बसवतात आणि सिरॅमिकच्या पातळीला आणतात. बोट फिरवलं तर खड्डा लागतच नाही. सफाईच्या दृष्टीने मला विचाराल तर सगळ्यात सुखी प्रकार हाच, मळ साचायला जागाच नाही. २०१८ पासूनच्या सीमास्टर डायव्हर ३०० मध्ये मात्र पांढरं इनॅमल आहे, ते धातूसारखं चमकत नाही पण पांढरंशुभ्र राहतं.

ट्यूडर पेलागोसमध्ये मॅट सिरॅमिक आणि खाचांत रेडियम भरलेलं, म्हणजे अंधारात चमकणारा पदार्थ. आता खरं रेडियम कुणी वापरत नाही, पण आपल्याकडे सगळे त्याला रेडियमच म्हणतात आणि मीही म्हणणार. (आणि ब्लॅक बे घेऊन "माझं सिरॅमिक फिकं पडलं" म्हणणारे भेटतात, तर नेहमीच्या ब्लॅक बेला अ‍ॅल्युमिनियमची चकती असते, आधी ते बघून घ्या.)

आणि शेवटचा प्रकार म्हणजे स्वस्तातली होमाज घड्याळं, म्हणजे नामांकित मॉडेलसारखी दिसणारी दुसऱ्या कंपन्यांची, आणि बाहेरून मागवलेली इन्सर्ट. सिरॅमिक खरं असतं पण खाचेत साधा रंग. तो उडतो. उडणारच.

प्लॅटिनमचे आकडे कधी पांढरे दिसतात कधी काळे, उडालेत का?

घड्याळ तिरकं करून बघा. प्लॅटिनमचा थर आरशासारखा वागतो, समोर उजेड असेल तर चमकतो आणि समोर तुमचा काळा टी-शर्ट असेल तर काळा दिसतो. ट्यूबलाइटखाली फोटो काढून मला पाठवणारे निम्मे लोक इथेच निकालात निघतात.

तिरकं करूनही एखादाच आकडा मंद दिसतोय आणि शेजारचा लख्ख आहे, तर तो मळ. माझ्या मामाचं घड्याळ असंच होतं, १० आणि २० मधला अर्धा भाग राखाडी झालेला, मामा म्हणे गेलं प्लॅटिनम, आता विकून टाकतो. मी सिंकपाशी नेऊन साबणाने दोन मिनिटं ब्रश मारला तर आतून सनस्क्रीन, घाम आणि साबणाचा मिळून झालेला चिकट थर निघाला, अगदी कानातल्याच्या मागे साठतो तसला. आकडे होते तसेच होते. मामा आजही ते घालतोय.

खरंच मुलामा गेला असेल तर कसं दिसतं? खाचेच्या तळाला चकतीचाच रंग दिसतो, काळ्यात काळं, आणि त्याची कड स्पष्ट असते. दहा पटीच्या भिंगातून, सोनाराकडे असतं ते, लगेच कळतं.

सफाई नक्की कशी करू?

आधी क्राउन, म्हणजे आपली चावी, घट्ट बंद आहे का बघा. स्क्रूवाली असेल तर पूर्ण फिरवून बसवा. ही पायरी लोक विसरतात आणि मग काचेच्या आत वाफ धरल्याचे फोटो येतात. घड्याळ जुनं असेल, बरीच वर्षं सर्व्हिस झालेली नसेल, किंवा वॉटरप्रूफ आहे की नाही याची खात्रीच नसेल तर नळाखाली धरूच नका, ओल्या कापडावर भागवा.

नंतर वाटीत कोमट पाणी घ्या. कोमट म्हणजे तान्ह्या बाळाच्या आंघोळीला घ्याल तेवढं, कढत नको, गरम पाण्याने आतले रबर गॅस्केट बिघडतात. त्यात भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब किंवा बेबी शॅम्पू. लहान मुलांचा मऊ टूथब्रश घ्या, नवीन, तुमचा जुना नको कारण त्यात पेस्ट राहिलेली असते. ब्रश बुडवून बेझलवर गोल गोल फिरवा, जोर अजिबात नको, केसांनी काम करायचं आहे मनगटाने नाही. खाच खोल असेल तर ब्रश उभा धरून टोकांनी टिपल्यासारखं करा. बेझल फिरणारं असेल तर मधेमधे थोडं फिरवत राहा म्हणजे कडेच्या फटीतलं पण निघेल. मग साध्या पाण्याने धुवा आणि मायक्रोफायबरने टिपून घ्या.

पाणी टिपणं महत्त्वाचं, कारण आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर, ते खाचेत वाळलं की पांढरी पावडर बसते आणि मग परत तुम्ही म्हणणार रंग उडाला. पिण्याच्या फिल्टरच्या पाण्याने शेवटचं धुतलंत तर हा प्रश्नच मिटतो.

लिक्विड नको वाटत असेल तर रिठ्याचं पाणी चालतं, सोनार दागिने त्यानेच धुवायचे, सौम्य असतं. फक्त गाळून घ्या, सालीचे कण फटीत अडकतात.

किती दिवसांनी?

रोज घालत असाल तर महिन्यातून एकदा पुरे. उन्हाळ्यात, लोकलने जात असाल तर पंधरा दिवसांनी. रोज रोज घासू नका.

टूथपेस्ट लावून चमकतं म्हणतात?

चमकतं, आणि का चमकतं तेच तर कळायला हवं. टूथपेस्टमध्ये खडूची किंवा सिलिकाची बारीक पूड असते, ती घासायचंच काम करते. सिरॅमिकला तिचं काही वाटणार नाही, पण प्लॅटिनम हा मऊ धातू आहे आणि सोनं त्याहून मऊ, आणि थर किती पातळ ते वर सांगितलंच. एकदा केल्याने काही दिसणार नाही, म्हणूनच लोक दर रविवारी करतात. शिवाय बेझलच्या शेजारची पॉलिश केलेली स्टीलची कड असते तिच्यावर जाळं पडतं ते वेगळं.

हेच भांडी घासायच्या पावडरीला, तारेच्या काथ्याला, भांड्याच्या हिरव्या स्क्रबरला आणि त्या पांढऱ्या जादूच्या स्पंजला लागू. तो स्पंज हाताला मऊ लागतो पण काम करतो अतिबारीक पॉलिश पेपरसारखं. पितांबरी समईसाठी आहे, समईलाच लावा.

काळ्या बेझलवर राखाडी रेघ उमटलीय, नखाने जात नाही. ओरखडा ना?

बहुतेक नाही. इथे उलटं झालेलं असतं, सिरॅमिकने समोरच्याला ओरबाडलंय. दाराची चौकट, जिममधला डंबेल, कारचा सीटबेल्ट, काहीही स्टील किंवा अ‍ॅल्युमिनियमचं त्याच्यावर घासलं की त्या मऊ धातूचा थोडा अंश सिरॅमिकवर चिकटतो, पाटीवर पेन्सिल ओढल्यासारखा. शाळेतलं पांढरं मऊ खोडरबर घ्या आणि त्या रेघेवरच हळूहळू घासा, बऱ्याच वेळा तेवढ्याने जाते. शाई खोडायचं जे निळं खरखरीत टोक असतं ते वापरू नका, त्यात वाळूसारखी पूड असते. खोडरबराचा कीस खाचेत जातो तो नंतर ब्रशने काढा. रेघ आकड्यावरून गेली असेल तर आकड्याच्या बाहेरचाच भाग घासा, आकडा खाली असतो, त्याला सहसा काही लागलेलंच नसतं.

मॅट सिरॅमिकवर हे जास्त चिकटतं कारण पृष्ठभागच खडबडीत. पेलागोसवाले याला वैतागलेले असतात. त्यांनी धीर धरावा, दोन-तीनदा करावं लागतं.

बारीक पॉलिशची पेस्ट किंवा धातू पुसायचं औषधी कापड वापरावं का? नुसत्या सपाट सिरॅमिकवर चालेल, पण मुलाम्याच्या आकड्यांवरून ते फिरवायला माझा हात धजत नाही.

हळदीत, गुलालात, रंगपंचमीला घातलं होतं, आता?

आधी कोरडं असतानाच झटका. पाणी लावलं की गुलालाचा लगदा होतो आणि तो बेझलच्या खाली जाऊन बसतो. कोरडा मऊ ब्रश, किंवा कॅमेऱ्याची लेन्स साफ करायचा रबरी फुगा, त्याने जेवढं उडेल तेवढं उडवा आणि मगच साबणपाणी.

हळद सिरॅमिकमध्ये आणि प्लॅटिनममध्ये मुरत नाही, धुतली की गेली. प्रश्न येतो पांढऱ्या रंगाच्या आकड्यांचा आणि रबरी पट्ट्याचा. पांढरा रंग स्वस्तातला असेल तर पिवळसर छटा राहू शकते. साबण लावल्यावर हळद लाल झाली तर घाबरू नका, कुंकू असंच करतात, धुवून टाका. राहिलेली छटा उन्हात बरीच उडते, कपड्यावरची उडते तशी, म्हणून घासण्यापेक्षा आधी दोन-चार दिवस ऊन दाखवून बघा. मिरवणुकीला जाताना घरी ठेवलंत तर सगळ्यात उत्तम, पण लग्नात नवरदेवाला हे कोण सांगणार.

तारकर्लीला समुद्रात घातलं, आता बेझल करकरतंय आणि फिरत नाही.

वाळू. जोर लावून फिरवू नका, सिरॅमिकची चकती टिकेल पण खालची स्प्रिंग आणि दाते धातूचे आहेत. कोमट साबणपाण्यात घड्याळ अर्धा तास ठेवा (क्राउन बंद, वॉटरप्रूफची खात्री असेल तरच, डायव्हिंगच्या घड्याळाला काही अडचण नाही), मग पाण्यातच हळूहळू फिरवा, डायव्हिंग बेझल एकाच बाजूला फिरतं हे लक्षात ठेवा, नळाची धार फटीवर धरा, परत फिरवा. दोन-तीन वेळा केलं की कण बाहेर येतात. नाही आले तर घड्याळवाल्याकडे न्या, तो बेझल उचलून साफ करून देईल. टाचणी, सुई, चाकूचं टोक घालून स्वतः उचकटायला जाऊ नका, सिरॅमिक ओरखड्याला दाद देत नाही पण कडेला टोचून उचललं तर तडकतं.

खारं पाणी गोड पाण्याने त्याच संध्याकाळी धुवा. मीठ आकड्यांचं काही करत नाही, पण खाचेत वाळून बसतं आणि रेडियमच्या ठिपक्याच्या कडेने धरतं.

क्षार आधीच बसलेत, ते कसे काढू?

धातूचे आकडे असतील तर पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी, कानाच्या बडवर घेऊन फक्त त्या आकड्याला लावा, मिनिटभराने भरपूर पाण्याने धुवा. रंगाचे, इनॅमलचे किंवा रेडियमचे आकडे असतील तर आम्ल लावू नका, साबणपाण्यानेच चारदा करा. चिंच-लिंबू कुठेच नको, तो चिकटपणा परत साफ करावा लागतो.

सॅनिटायझर, परफ्यूम, नेलपेंट रिमूव्हर?

सॅनिटायझर अधूनमधून लागलं तर सिरॅमिक आणि प्लॅटिनमला काही नाही. रंगाच्या आकड्यांना रोज लागलं तर रंग सैल पडतो. नेलपेंट रिमूव्हरचा अनुभव मी स्वतः घेतलाय, एका सीकोला बाहेरून मागवलेलं सिरॅमिक इन्सर्ट लावलं होतं, त्याच्यावर गोंदाचा डाग राहिला होता, म्हटलं रिमूव्हरने पटकन जाईल, तर डाग गेला आणि त्याच्याबरोबर ३० ते ४५ पर्यंतच्या सगळ्या रेघा पण गेल्या. बायको अजून विचारते, "आता पाव तास कुठे गेला?"

रंग उडालाय, परत भरता येतो का?

रंगाचा असेल तर हो, आणि मजा येते. खाच आधी पूर्ण साफ करायची, मॉडेल रंगवायचा इनॅमल किंवा अ‍ॅक्रिलिक रंग टूथपिकने थोडा जास्तच भरायचा, थोडं सुकू द्यायचं आणि वरचा जादा रंग जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने सपाट ओढून काढायचा. सिरॅमिक गुळगुळीत असल्यामुळे वर सांडलेला रंग सहज निघतो. मी माझ्या त्या सीकोचं असंच केलं, तीन प्रयत्न लागले, आणि जवळून बघितलं तर कळतंच.

प्लॅटिनमचा मुलामा असेल तर घरी काहीच होत नाही. चांदीच्या रंगाचं मार्कर फिरवणारे लोक आहेत, कृपया नको, विकताना भिंगाखाली पहिल्यांदा तेच दिसतं. तिथे अख्खं इन्सर्ट बदलणं हाच मार्ग.

१२ वाजता असलेला रेडियमचा ठिपका काळवंडलाय किंवा पडलाय.

काळवंडला असेल तर वरवरचा मळ साबणाने निघतो का बघा. निघत नसेल आणि आतून डाग असेल तर कडेने पाणी शिरलंय. हा ठिपका छोट्या कॅप्सूलसारखा वेगळा बसवलेला असतो, त्यामुळे त्याच्यावर ब्रश दाबू नका आणि टोकदार काही लावू नका. पडला तर जपून ठेवा आणि सर्व्हिसला द्या, फेव्हिक्विकने चिकटवला तर त्याची वाफ शेजारच्या सिरॅमिकवर आणि काचेवर पांढरी धरते.

सोनाराच्या अल्ट्रासोनिक मशीनमध्ये टाकू का?

ब्रेसलेट वेगळं काढून द्या, झकास निघतं. अख्खं घड्याळ नाही. ती थरथर आतल्या यंत्राला आणि सैल ठिपक्यांना मानवत नाही.

उन्हाने सिरॅमिकचा रंग उडतो का?

नाही. उडायचा तो जुन्या अ‍ॅल्युमिनियमच्या चकत्यांचा. १९५५ सालच्या पहिल्या जीएमटी-मास्टरला बेकलाइटचं बेझल होतं, ते तडकायचं, म्हणून लवकरच अ‍ॅल्युमिनियम आलं आणि ते उन्हात, समुद्रात फिकं होत जायचं, लाल गुलाबी व्हायचं आणि काळं राखाडी. गंमत अशी की आज लोक त्या फिक्या चकत्यांना जास्त पैसे मोजतात. सिरॅमिकमध्ये रंग भट्टीतच आरपार तयार होतो, त्यामुळे तुमच्या नातवाला ते आजच्याच रंगाचं मिळेल. रोलेक्सच्या जीएमटीचं निळं-काळं बेझल २०१३ ला आलं आणि लाल-निळं २०१४ ला, म्हणजे काळ्यानंतर इतकी वर्षं, कारण एकाच चकतीत दोन रंग आणि त्यातही लाल हा भट्टीत जमवायला फार त्रासदायक.

पडलं आणि तडा गेला. दुरुस्त होतं का?

होत नाही. कठीण आणि ठिसूळ या दोन गोष्टी इथे जोडीने येतात. फरशीवर कडेवर पडलं तर काचेच्या बांगडीसारखं चिरतं, आणि त्याला भरणं, घासणं, पॉलिश काहीच नाही, नवीन इन्सर्ट. अधिकृत सर्व्हिस सेंटरलाच द्या. बाहेरचं स्वस्त इन्सर्ट बसवलंत तर पुढच्या वेळी ते घड्याळ घ्यायला नकार देतात किंवा आधी ते बदला म्हणतात. बारीक टवका उडाला असेल तरी वाट बघू नका, तिथून चीर वाढू शकते.

सेकंडहँड घेताना बेझलचं काय बघू?

दिवसाच्या उजेडात, भिंग घेऊन. प्लॅटिनमचे आकडे असायला हवेत अशा मॉडेलमध्ये घड्याळ फिरवल्यावर आकड्यांची चमक बदलली पाहिजे, सगळ्या कोनांतून सारखाच चुनखडी पांढरा दिसला तर आत रंग आहे, म्हणजे इन्सर्ट बदललेलं किंवा घड्याळच नकली. कडेने टवके, १२ चा ठिपका सरळ आहे का, आणि आकड्यांच्या तळाशी एका बाजूलाच घासल्यासारखं आहे का ते बघा, एकाच बाजूची झीज म्हणजे कुणीतरी उजव्या हाताने पेस्ट लावून घासलंय. विकणारा "नुकतंच पॉलिश केलंय" म्हणाला तर बेझलला टेप लावून केलं होतं का ते विचारा. तो गोंधळला तर काय समजायचं ते समजा.